विसर्जनाची मोहीम आणि तिचा साक्षीदार : 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या निवेदनाविषयी

१

'अद्भुतरम्य' हा शब्द मराठी समीक्षेत वर्णनापेक्षा निवाडा म्हणून अधिक वापरला गेला आहे. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबऱ्यांपासून हरिभाऊ आपट्यांपर्यंतची वाटचाल म्हणजे अद्भुताकडून वास्तवाकडे झालेला विकास, अशी मांडणी आपल्याकडे रूढ झाली आणि तिच्याबरोबर एक गृहीतही रुजले. संकटांनी भरलेली वाट, ती पार करणारा नायक आणि अखेरीस त्याच्या पदरी पडणारी इष्टप्राप्ती हा कथेचा रूपबंध म्हणजे वाचकाच्या इच्छापूर्तीचाच रूपबंध होय, हे ते गृहीत.

इंग्रजी समीक्षेलाही ते अपरिचित नाही. जे. आर. आर. टोल्कीन (१८९२–१९७३) यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड १९५४ आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५६ साली एडमंड विल्सन यांनी त्यांचे परीक्षण करताना हे लेखन म्हणजे लेखकाच्या हाताबाहेर गेलेले बालवाङ्मय होय, अशा आशयाचा शेरा मारला. या कथेतील नायकाला खराखुरा मोह पडतच नाही, अशीही त्यांची तक्रार होती. त्याच वर्षी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी शोधकथेच्या परंपरेतील गंभीर कृती म्हणून तिचे स्वागत केले. त्यांच्या परीक्षणाच्या शीर्षकात मात्र 'विजय' हा शब्द होता. एकाला जे बालिश वाटले ते दुसऱ्याला भव्य वाटले, एवढाच दोघांतील फरक वरवर पाहता दिसतो. परंतु या कथेच्या अखेरच्या वळणावर नायक मोहाला पूर्णपणे वश होतो आणि जे करण्यासाठी तो आला ते करण्यास नकार देतो. ही वस्तुस्थिती विल्सन यांच्या तक्रारीत बसत नाही आणि 'विजय' या शब्दातही सहजी मावत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हे अपयश आहे. मात्र अपयशाच्या नैतिक अर्थाआधी त्याच्या निवेदनाचा विचार करावा लागेल. नायक हरतो तो क्षण कोण पाहतो, कोण सांगतो आणि तो अशा रीतीने का सांगितला जातो, या प्रश्नांच्या उत्तरात या कृतीचे मर्म आहे, असे मला वाटते.

२

प्रथम मोहिमेचे स्वरूप पाहू. सॉरॉन या तमोमय सत्ताधीशाने घडवलेली एक अंगठी शायर या आडबाजूच्या प्रदेशातील फ्रोडो नावाच्या हॉबिटाकडे, म्हणजे एका खुज्या, घरबशा जमातीतील माणसाकडे, वारशाने येते. तिच्यात सॉरॉनची बरीचशी शक्ती साठलेली आहे. जो ती बाळगतो त्याच्या इच्छेचा ती हळूहळू कब्जा घेते. मॉर्डोर या शत्रूच्याच मुलुखातील ज्या ज्वालामुखीत ती घडवली गेली त्याच अग्नीत तिचा नाश होऊ शकतो. तिथवर ती नेऊन टाकणे, एवढेच फ्रोडोचे काम.

व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन अद्भुतकथांचे जे विश्लेषण केले त्यात उणीव आणि उणिवेची भरपाई हे कथेला गती देणारे एक मूलभूत जोडपे आहे. काहीतरी हरवलेले असते वा हवे असते आणि नायक ते मिळवून आणतो. टोल्कीन यांच्या कथेत हे जोडपे उलटे झाले आहे. येथे उणीव नाही, अतिरेक आहे. मिळवायचे काही नाही, सोडायचे आहे. मराठीत 'शोध' या शब्दात धुंडाळणे आणि सापडणे हे दोन्ही अर्थ एकवटलेले असल्यामुळे या मोहिमेला शोधयात्रा म्हणणे तितकेसे नेमके ठरत नाही. तिला विसर्जनाची यात्रा म्हणणे अधिक योग्य होईल. विसर्जनात वस्तू नष्ट होते एवढेच नाही, ती आपण होऊन सोडायची असते. सोडणाऱ्याची इच्छा हा त्या विधीचा गाभा असतो. या कथेतील पेच नेमका येथे आहे. जी वस्तू बाळगणाऱ्याची इच्छाच गिळते, तिचे विसर्जन कोणाच्या इच्छेने व्हावे?

आपल्या परंपरेतील अंगठ्या आठवल्या म्हणजे हा पेच अधिक स्पष्ट होतो. हनुमंताने अशोकवनात नेलेली मुद्रिका आणि दुष्यंताने शकुंतलेला दिलेली मुद्रिका या दोन्ही ओळख पटवणाऱ्या आहेत. मधल्या विरहाने वा शापाने तुटलेले नाते त्या पुन्हा जोडतात, माणसाला त्याचे नाव परत देतात. शकुंतलेची हरवलेली अंगठी माशाच्या पोटातून निघते आणि राजाची स्मृती जागी होते. टोल्कीन यांच्या कथेतही एक मासेमारी आहे. डीगल नावाचा माणूस गळाला लागलेल्या मोठ्या माशाच्या ओढीने पाण्यात खेचला जातो आणि नदीच्या तळाशी त्याला अंगठी सापडते. मात्र तिच्यापायी त्याचा मित्र स्मीगल लगेच त्याचा खून करतो, पुढे स्वतःचे नावही गमावतो आणि गॉलम होऊन जातो. येथे प्रभाव शोधण्याचे कारण नाही. अंगठी ओळख देते या जुन्या संकेताच्या शेजारी ठेवल्यावर ओळख पुसणाऱ्या या अंगठीचे वेगळेपण उठून दिसते, इतकेच.

३

आता निवेदनाकडे वळू. ही कृती छापली गेली तीन खंडांत, परंतु तिची रचना सहा पर्वांची आहे. पहिल्या दोन पर्वांत निवेदनाचा दृष्टिबिंदू बराचसा फ्रोडोजवळ आहे. त्याची स्वप्ने, त्याच्या शंका, त्याचे भय आपल्याला आतून कळते. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस ॲमॉन हेन या टेकडीवर तो अंगठी घालतो, तो प्रसंग या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. बोरोमीर या सहप्रवाशाने अंगठी हिसकावण्याचा प्रयत्न केल्यामुळे तो तेथे पळून आलेला असतो. शत्रूचा डोळा त्याला शोधत येतो, दोन विरोधी शक्तींच्या ताणात तो सापडतो आणि मग एका क्षणी त्याला आपले स्वातंत्र्य जाणवते. तो अंगठी काढतो. हे सारे निवेदक फ्रोडोच्या मनात शिरून सांगतो. निवड कशी घडते हे वाचक आतून अनुभवतो.

चौथ्या पर्वाच्या शेवटी शेलॉब या महाकाय कोळिणीच्या दंशाने फ्रोडो निश्चेष्ट पडतो. तो मेला असे समजून त्याचा सेवक आणि सोबती सॅम अंगठी स्वतःकडे घेतो. येथून दृष्टिबिंदू सॅमकडे जातो आणि सहाव्या पर्वात मॉर्डोरच्या साऱ्या वाटचालीत तो जवळजवळ तेथेच राहतो. फ्रोडोला तहान लागते, तो कोसळतो, त्याचा हात नकळत छातीवरील साखळीकडे जातो, हे आपण सॅमच्या डोळ्यांनी पाहतो. आपल्याला आता गवताची वा पाण्याची आठवणही उरलेली नाही, असे फ्रोडो सांगतो. तेही सॅमला सांगितले म्हणून आपल्याला कळते.

अग्निविवराच्या काठावर हा बदल टोकाला जातो. सॅम आत येतो तेव्हा फ्रोडो त्याच्याकडे पाठ करून उभा आहे. ज्वाळांच्या उजेडावर उमटलेली ती केवळ एक काळी आकृती आहे. मग सॅमला फ्रोडोचा आवाज ऐकू येतो आणि तो पूर्वी कधी नव्हता इतका स्पष्ट व बलवान आहे. ठरलेले काम आपण करणार नाही, अंगठी आपली आहे, असे तो जाहीर करतो, ती बोटात घालतो आणि दिसेनासा होतो. ॲमॉन हेनवरील निवड आपण आतून पाहिली होती. ही निवड, जिच्यावर साऱ्या जगाचे भवितव्य अवलंबून आहे, आपल्याला फक्त बाहेरून ऐकू येते. त्याच क्षणी निवेदक सॉरॉनच्या मनात शिरतो आणि आपली घोडचूक कळल्यावर त्याला वाटलेले भय वर्णितो. शत्रूचे मन निवेदनाला खुले आहे. नायकाचे मन मात्र बंद आहे.

फ्रोडोचा शेवट रहस्यमय ठेवण्यासाठी वापरलेली ही क्लृप्ती आहे, असे म्हणता येईल. पण या कृतीला एक कल्पित संपादकीय चौकट आहे आणि तिचा विचार केला की हे स्पष्टीकरण अपुरे ठरते.

४

त्या चौकटीनुसार आपण वाचतो ते 'वेस्टमार्चचे लाल पुस्तक' या हस्तलिखितावर आधारलेले आहे. बिल्बो आणि फ्रोडो यांच्या आठवणी, त्यांना मित्रांनी दिलेल्या हकिकतींची आणि ज्ञानी लोकांच्या माहितीची जोड, असे त्याचे स्वरूप त्याच्या शीर्षकपृष्ठावरच सांगितले आहे. मोहिमेनंतर फ्रोडो शायरला परततो, हे पुस्तक लिहितो आणि शेवटची कोरी पाने सॅमच्या हवाली करून निघून जातो. म्हणजे कल्पित चौकटीत मोहिमेच्या कथेचा लेखक फ्रोडोच आहे. सॉरॉनच्या मनाचे वर्णन ज्ञानी लोकांच्या सांगण्यावरून वा तर्काने केले, असे मानता येते. फ्रोडोच्या मनात त्या क्षणी काय होते, हे सांगू शकणारा माणूस मात्र एकच होता आणि लेखणी त्याच्याच हातात होती. त्याने ते सांगितले नाही. स्वतःच्या पराभवाच्या जागी त्याने सॅमची साक्ष ठेवली.

हे मौन म्हणजे लपवाछपवी नव्हे. लपवायचे असते तर फ्रोडोला खोटे सांगता आले असते आणि त्याचे उदाहरणही या कृतीच्या इतिहासातच आहे. टोल्कीन यांची 'द हॉबिट' ही आधीची कादंबरी १९३७ सालची. तिच्या पहिल्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या खेळात अंगठीच पणाला लावतो. हरल्यावर ती सापडत नाही म्हणून बिल्बोची क्षमा मागतो आणि त्याला बाहेरची वाट दाखवतो. तेथे गॉलमला मारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून त्याला जीवदान देण्याचाही नाही. पुढील कथेच्या गरजेने टोल्कीन यांनी हे प्रकरण बदलले आणि १९५१ च्या आवृत्तीत अदृश्य बिल्बो तलवार हाती असूनही दयेपोटी गॉलमला मारत नाही, असा प्रसंग आला. उत्तरार्धाचा सारा भार ज्या दयेवर आहे ती पूर्वार्धात मागाहून लिहिली गेली.

टोल्कीन यांनी हा पाठभेद पुसला नाही. तो कथेतच सामावून घेतला. अंगठीवरचा आपला हक्क शाबीत करण्यासाठी बिल्बोने पहिली हकिकत खोटी रचली होती आणि ती लाल पुस्तकात तशीच राहिली, असे प्रस्तावनेत सांगितले आहे. खरी हकिकत काही प्रतींत पर्यायी पाठ म्हणून येते. तिचे मूळ फ्रोडो वा सॅम यांच्या टिपणांत असावे आणि म्हाताऱ्या बिल्बोने स्वतः लिहिलेले खोडणे त्यांना नकोसे वाटले असावे, असा तर्कही तेथे आहे. हस्तलिखितांच्या परंपरा, शाखा आणि प्रक्षेप यांच्याशी आयुष्यभर झगडणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाला सुचावी अशीच ही युक्ती आहे. आपल्या मुद्द्यासाठी तिचे महत्त्व वेगळे आहे. अंगठीच्या प्रभावाखाली असलेला बिल्बो स्वतःचा बचाव करणारी कथा लिहितो. अंगठीने मोडून टाकलेला फ्रोडो स्वतःविरुद्धची साक्ष, आपल्या बाजूने एक शब्दही न घालता, पुस्तकात ठेवतो. अंगठीपासून सुटका झाल्याची खूण कृतीत कोठे असेल, तर ती या लेखनात आहे.

५

या साक्षीच्या शिस्तीला एक मोठा अपवाद आहे. चौथ्या पर्वात किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर फ्रोडो आणि सॅम झोपी गेले आहेत. त्यांचा वाटाड्या झालेला गॉलम दगाबाजीची तयारी करून परत येतो, झोपलेल्या दोघांकडे पाहतो, क्षणभर त्याच्या चेहऱ्यावरचा हावरेपणा मावळतो आणि तो थरथरता हात अलगद फ्रोडोच्या गुडघ्याला लावतो. त्या वेळी त्याला कोणी पाहिले असते तर काळाने झिजवलेला, आप्तस्वकीयांना पारखा झालेला एक थकलेला म्हातारा हॉबिटच दिसला असता, असे निवेदक सुचवतो. मग सॅम जागा होतो, संशयाने त्याच्यावर खेकसतो आणि तो क्षण कायमचा निसटतो.

हा प्रसंग पाहिला कोणी? दोघेही झोपेत आहेत, आणि गॉलम तर सांगायला उरतच नाही. लाल पुस्तकाच्या चौकटीत या वर्णनाला आधार सापडत नाही. अशी निराधार स्थळे कृतीत आणखीही आहेत. पहिल्या पर्वात झोपलेल्या हॉबिटांना पाहून चकित झालेल्या एका कोल्ह्याचा विचार निवेदक गमतीने सांगून जातो. कोल्ह्याचे ते स्थळ हलकेफुलके असून बालवाङ्मयाच्या सुरातले आहे. पायऱ्यांवरचे स्थळ त्या सुरातले नाही. नायकाचे मन बंद करणारे निवेदन येथे चौकट मोडून खलपात्राचे मन उघडते. टोल्कीन यांचा निसटता दोष म्हणूनही याकडे पाहता येईल. परंतु ज्याने ही कथा लिहिली असे मानायचे, त्याने आपल्याला दगा देणाऱ्यासाठी, पुरावा नसतानाही, हा एक क्षण कल्पिला असावा, असे वाचले तर फ्रोडोच्या मौनाचा दुसरा अर्धा भाग हाती लागतो. स्वतःसाठी जी सहानुभूती त्याने मागितली नाही, ती त्याने गॉलमसाठी कल्पनेने निर्माण केली. हे अनुमान आहे; संहिता ते सिद्ध करत नाही, पण त्याला जागा देते.

आता अग्निविवराच्या काठी काय घडते ते पाहू. अदृश्य फ्रोडोशी झटापट करून गॉलम त्याचे बोट चावून तोडतो, अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचू लागतो आणि तोल जाऊन अग्नीत पडतो. हा योगायोग म्हणजे कथेचा गुंता सोडवण्यासाठी बाहेरून आणलेली दैवी मदत, असा आक्षेप घेतला जातो. पण गॉलम तेथवर जिवंत पोहोचतो, कारण त्याला तिघांनी तीनदा सोडलेले असते: बिल्बोने अंधाऱ्या गुहेत, फ्रोडोने मॉर्डोरच्या वाटेवर आणि सॅमने अगदी शेवटी, त्याच डोंगराच्या उतारावर. या तिघांच्या भावनांना मराठीत एकच शब्द पुरत नाही. बिल्बोची ती दया आहे; वरच्या पायरीवरून खाली पाहणारी. फ्रोडो गॉलममध्ये स्वतःचे भविष्य पाहतो. सर्वांत कठोर असलेल्या सॅमचा हात थांबतो तो स्वतः थोडा काळ अंगठी वाहिल्यामुळे. त्या यातनेची अंधुक कल्पना त्याला आलेली असते. अनुकंपा या शब्दाचा मूळ अर्थ दुसऱ्याबरोबर कंप पावणे असा आहे. येथे तोच शब्द योग्य ठरेल.

याला विरोधी जाणारा एक पुरावा मात्र टाळता येत नाही. त्याच उतारावर अंगठी मुठीत धरलेला फ्रोडो गॉलमला बजावतो की पुन्हा मला स्पर्श केलास तर तू स्वतःच या अग्नीत टाकला जाशील. गॉलम स्पर्श करतो आणि अग्नीत पडतो. मग त्याच्या अंताचे कारण कोणते म्हणायचे, अनुकंपा की शाप? शाप मानला तर अंगठीच्याच सत्तेने अंगठीचा घात केला असे होते आणि विजयाला हिंसेचा डाग लागतो. संहिता याचा निकाल देत नाही. येथेही आपल्यापुढे सॅमचीच साक्ष आहे. शुभ्र वस्त्रातील एक आकृती, तिच्या छातीपाशी अग्नीचे चक्र आणि त्या अग्नीतून आलेला हुकमी आवाज, असे त्याला दिसते व ऐकू येते. बोलणारा फ्रोडो आहे की अंगठी, हे साक्षीदाराला ठरवता येत नाही. बाहेरून पाहिलेल्या कृतीत करुणा आणि सत्ता एकमेकींपासून पूर्णपणे वेगळ्या काढता येत नाहीत, हे निवेदनाच्या या मर्यादेतूनच सूचित होते. सुखान्त म्हणून वाचल्या जाणाऱ्या कृतीने हा गुंता तसाच ठेवावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

फ्रोडो आपल्या कामात अपयशी ठरला, हे टोल्कीन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रसंग्रहातही निःसंदिग्धपणे मान्य केले आहे. मात्र सहनशक्तीच्या पलीकडचा ताण पडल्यावर मोडून पडणे हे नैतिक अपयश मानता येत नाही, अशीही त्यांची भूमिका आहे. १९१६ च्या सॉमच्या लढाईत सैनिक म्हणून वावरलेल्या माणसाचे हे मत आहे, एवढे येथे नोंदवणे पुरेसे आहे. १९३९ साली परीकथांवर दिलेल्या आणि १९४७ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानात त्यांनी अनपेक्षितपणे कृपा होऊन येणारे सुखद वळण हे परीकथेचे सर्वोच्च कार्य मानले होते. हे वळण पुन्हा येईलच असा भरवसा ठेवता येत नाही, असेही त्यांनी तेथे म्हटले होते. म्हणजे ज्या सिद्धांताकडे पलायनवादाचे समर्थन म्हणून पाहिले जाते, त्याच्या पोटातच माणसाच्या इच्छाशक्तीवरचा अविश्वास आहे.

६

हा अविश्वास पचवणे किती अवघड आहे, याचे प्रत्यंतर पीटर जॅक्सन यांच्या २००३ च्या चित्रपटात मिळते. तेथे बोट तुटलेला फ्रोडो उठतो, गॉलमवर झेपावतो आणि त्या झटापटीत दोघेही कड्यावरून जातात; फ्रोडो काठाला लोंबकळत राहतो. मूळ कृतीत निष्क्रिय असलेल्या नायकाच्या हाती निदान थोडी तरी कृती द्यावी, असे पटकथेला वाटले असावे. विल्सन यांना मोह दिसला नाही आणि चित्रपटाला अपयश जसेच्या तसे राहू देणे जमले नाही. दोन्हीमागे शोधकथेविषयीची एकच अपेक्षा उभी आहे.

या कृतीच्या अनुकंपेलाही सीमा आहे, हे येथे सांगितले पाहिजे. ऑर्क ही शत्रूसैन्यातील जमात जवळजवळ सरसकट मारण्याजोगी म्हणूनच येते. त्यांचे आपसातील बोलणे, कुरकुर, युद्धानंतर कोठेतरी दूर जाण्याचे त्यांचे बेत एक-दोन ठिकाणी आपल्या कानी पडतात आणि क्षणभर त्यांचे माणूसपण जाणवते. पण त्यांच्यापैकी कोणालाही गॉलमसारखा झोपलेल्यांच्या उशाशी घालवलेला एक क्षण लाभत नाही. ज्यांची कथा कल्पिण्याची इच्छा फ्रोडोला झाली नाही, ते पुस्तकात चेहऱ्याविना राहिले. साक्षीच्या निवेदनाचे हे बळही आहे आणि उणेपणाही.

घरी परतलेला फ्रोडो शायरमधील शेवटच्या संघर्षात शस्त्र उचलत नाही, शक्य तेथे हत्या टाळतो आणि आपल्यावर वार करणाऱ्या सारुमानलाही सोडून देतो. गावाला त्याची फारशी जाणीव नसते. जखमा ठराविक दिवशी पुन्हा दुखू लागतात आणि अखेर तो जहाजाने पश्चिमेकडे निघून जातो. सॅम घरी येतो, मुलीला मांडीवर घेतो आणि आपण परत आलो एवढेच सांगतो; कृतीचे अखेरचे वाक्य त्याच्याच तोंडी आहे. विसर्जन करून आलेला माणूस रित्या हातांनी परततो. येथे तर त्याला परतताही येत नाही. परततो तो साक्षीदार.

अद्भुतरम्य कथेत इच्छापूर्ती होते की नाही, एवढाच प्रश्न विचारून तिचा निवाडा करण्याची सवय आपण सोडली पाहिजे. इच्छा मोडते कोठे, ती मोडताना कोणी पाहिली, आणि ज्याची ती मोडली त्याने लेखणी हाती असताना काय सांगितले व काय दुसऱ्याच्या तोंडी सोपवले, असेही प्रश्न या वाङ्मयप्रकाराला विचारता येतात. 'मंजुघोषे'च्या परंपरेला ते विचारले तर उत्तरे कदाचित निराशाजनक येतील. पण ती विचारल्यानंतर आलेली असतील, विचारण्यापूर्वी गृहीत धरलेली नसतील.